गट बदलला, गडी तेच!

पालघर जिल्ह्यातल्या चांदीपच्या पोराने रणजी खेळायचं मनावर घेतलं, तर छातीवर नाव मुंबईचं लागणार. 2014 मध्ये ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला, पण क्रिकेटच्या नकाशाला त्याचं सोयरसुतक नाही. पालघरचा शार्दूल ठाकूर मुंबईचा, विरारचा आयुष म्हात्रेही मुंबईचाच. राज्य एक आणि संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. बाहेरच्या पाहुण्याला हे समजावताना चहा गार होतो!

गटांची गंमत तर त्याहून न्यारी. 2001-02च्या मोसमापर्यंत साखळी सामने विभागवार व्हायचे. पश्चिमेत मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. दरवर्षी तीच पंगत, तेच पाहुणे. विदर्भ मात्र मध्य विभागात, उत्तर प्रदेश आणि रेल्वेच्या शेजारी. गोवा थेट दक्षिणेत, कर्नाटक-तामिळनाडूच्या मांडवात. म्हणजे मुंबई-नागपूर रेल्वे रोज धावायची, पण साखळीत दोघांची गाठ नाही.

2002-03 मध्ये विभाग मोडले, 'एलिट' आणि 'प्लेट' आले. आता एलिटमध्ये आठ-आठ संघांचे चार गट, प्लेटमध्ये सहा संघ, आणि पत्ते पिसावेत तसे गट पिसले जातात. 2024-25 मध्ये मुंबईच्या गटात महाराष्ट्र होताच, शिवाय जम्मू-काश्मीर, मेघालय आणि त्रिपुराही! जम्मू-काश्मीरने तर बीकेसीत येऊन, रोहित शर्मा खेळत असताना, मुंबईला पाच गडी राखून हरवलं. विभागांच्या जमान्यात हा सामना साखळीत लागलाच नसता.

गट पिसण्यात अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवाल्यांपुढे मात्र आपण सोवळे. तिथल्या 'बिग टेन' गटात 2024 पासून 18 विद्यापीठं आहेत, 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये 16. गणिताचा तास बहुधा ऑफ असावा. पॅसिफिक किनाऱ्याजवळचं स्टॅनफर्ड त्याच वर्षी 'अटलांटिक कोस्ट' गटात गेलं. उद्या अर्नाळ्याला कोरोमंडल किनारा म्हणा, तसंच हे. टीव्हीचा पैसा भूगोल फिरवतो. प्रवास पोरांच्या माथी.

आपल्याकडे शेजाऱ्यांची लढत मात्र जुनी आणि तिखट. 1948-49च्या उपांत्य सामन्यात मुंबई आणि महाराष्ट्राने पुण्यात मिळून 2376 धावा कुटल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये म्हात्रेने महाराष्ट्राला 176 धावांचा चोप दिला आणि मुंबई नऊ गडी राखून जिंकली. पुढच्याच मोसमात विरारमध्ये वाढलेला पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला. आता खरा मसाला, असं वाटलं ना? पण मुंबई पडली 'ड' गटात, महाराष्ट्र 'ब' गटात. साखळीत सामनाच नाही! जुन्या संघाविरुद्ध पृथ्वीने 181 केल्या खऱ्या, पण गहुंजेतल्या सराव सामन्यात. रणजीतल्या 222 मात्र चंदीगडच्या नशिबी आल्या.