ग्रंथकार, वर्गणीदार आणि हिशेब

ग्रंथ लिहून होईपर्यंत ग्रंथकाराचा चरितार्थ कोणी चालवावा, हा प्रश्न वाङ्मयाइतकाच जुना आहे. एके काळी त्याचे उत्तर राजदरबारी मिळे. छापखाने आल्यावर ते प्रकाशकाच्या पेढीवर मिळू लागले. या दोहोंखेरीज तिसरीही एक वाट आहे. ग्रंथ तयार होण्यापूर्वीच वाचकांनी त्याची किंमत, सगळी किंवा काही अंशाने, ग्रंथकाराच्या हवाली करावी आणि ग्रंथकाराने तो परस्पर त्यांच्या घरी पोहोचवावा, अशी ती वाट. आश्रयदात्याची मर्जी फिरली की दरबारी लेखकाचा आधार तुटे. प्रकाशकाला हस्तलिखित रुचले नाही की ते फडताळात पडून राही. वर्गणीदारांच्या बळावर लिहिणारा या दोन्ही भयांतून सुटतो. मात्र या सुटकेबरोबर एक पथ्यही येते. काम कोठवर आले आहे, कशाने अडले आहे आणि पैसा कोठे गेला, हे त्याला वर्गणीदारांना वेळोवेळी सांगावे लागते.

पुस्तकाच्या दुकानात जाऊन पुस्तक घेणारा गिऱ्हाईक असतो. पैसे टाकले, पुस्तक उचलले की त्याचा आणि लेखकाचा व्यवहार संपला. आगाऊ वर्गणी भरणारा माणूस तसा नव्हे. तो अर्धा भागीदार असतो आणि अर्धा सावकार. फरक इतकाच, की त्याच्या हाती ना गहाणखत असते ना व्याजाची आशा. त्याच्याजवळ असतो तो केवळ ग्रंथकाराचा शब्द.

हा शब्द सांभाळणे थोरामोठ्यांनाही जड गेलेले आहे. इंग्लंडात अलेक्झांडर पोप याने होमरच्या ‘इलियड’चे भाषांतर वर्गणीदारांच्या जोरावर १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत पुरे केले आणि त्या उत्पन्नावर तो स्वतंत्र वृत्तीने जगू शकला. पुढे डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन याने १७५६ साली शेक्सपियरच्या नाटकांची संपादित आवृत्ती काढण्याचे जाहीर करून वर्गण्या गोळा केल्या. दीड वर्षात पुरे व्हायचे ते काम १७६५ साली बाहेर पडले. मधल्या काळात चार्ल्स चर्चिल या कवीने, पैसे घेतले, पण पुस्तक कोठे आहे, अशा अर्थाचा उघड उपहास केला. ग्रंथात वर्गणीदारांची यादी का नाही, असे विचारता जॉन्सनने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: एक तर नावे हरवली आणि दुसरे म्हणजे पैसे खर्च झाले! जॉन्सनच्या विद्वत्तेमुळे जगाने हे हसण्यावारी नेले. सामान्य ग्रंथकाराला ते परवडणारे नाही.

मराठीत या प्रश्नावर पहिला तोडगा निघाला तो नियतकालिकाचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळाखात्यात नोकरीस होते. मालेचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक मजकूर एकट्या शास्त्रीबुवांचा होता. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः वाचकांपुढे ठेवली. या पद्धतीत वेगळा हिशेब देण्याचे कारण उरत नाही, कारण प्रत्येक अंक हाच हिशेब असतो. अंक आला म्हणजे लेखन चालू आहे आणि अंक चुकला म्हणजे काही बिघडले आहे, हे वाचकाला आपोआप कळते.

परंतु लिहिलेले छापायलाच कोणी धजेना, तर काय करावे? जोतीराव फुल्यांवर हा प्रसंग ओढवला. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ पत्रात आली. पुढील प्रकरणे संपादकांनी छापली नाहीत. ते पत्र चळवळीतलेच होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे लेखकाचा एकटेपणा कळतो. जोतीरावांनी मात्र आपले लेखन छापखान्याच्या दारात तिष्ठत ठेवले नाही. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी ते लोकांना वाचून दाखवले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीही ते ऐकून घेतले आणि द्रव्यसाह्य केले. ज्यांच्याविषयी ग्रंथ लिहिला, त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. त्यांना ग्रंथ विकत घेता आला नसता, पण ऐकता आला. पाठीराखे आणि लेखक यांच्यामध्ये कोणी उभे नसले म्हणजे काय साधते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

वर्गणीदारांच्या आधारावर मराठीत उभे राहिलेले सर्वांत प्रचंड काम म्हणजे डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन आलेल्या या गृहस्थाजवळ संस्थान नव्हते, सरकारी अनुदान नव्हते आणि मराठी वाचकवर्ग मोठा नव्हता. त्यांनी १९१६ च्या सुमारास नागपुरास कामाला आरंभ केला. त्यासाठी मर्यादित जबाबदारीची मंडळी, म्हणजे आजच्या भाषेत लिमिटेड कंपनी, स्थापन केली. भाग विकले आणि वर्गणीदार मिळवले. पुढे कामाचे ठाणे पुण्यास हलले. सुमारे बारा वर्षांत २३ विभागांचा हा कोश तडीस गेला.

येथे वाचकांच्या धीराची परीक्षा होती. ज्ञानकोश म्हटला की लोक ‘अ’पासून प्रारंभ होईल अशी अपेक्षा करतात. केतकरांच्या योजनेत त्याआधी पाच प्रस्तावनाखंड होते: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. म्हणजे अकारविल्हे माहितीसाठी पैसे भरणाऱ्याला आधी जगाच्या इतिहासाचा एवढा पल्ला ओलांडणे प्राप्त होते. अशा वेळी ग्रंथकाराने मौन धरले, तर शंका वाढतात आणि शंकेमागोमाग वर्गणी थांबते.

केतकरांनी मौन धरले नाही. १९२७ साली त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास’ हे स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. ग्रंथ कसा झाला याचा इतिहासही लोकांचे देणे आहे, असे मानणारे ग्रंथकार विरळा. या हिशेबीपणाचे फळ ज्ञानकोशापुरतेच राहिले नाही. त्यात काम केलेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे तशीच मंडळी उभारून ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात काढले. एका कामात कमावलेला विश्वास दुसऱ्या कामाचे भांडवल ठरतो, तो असा.

मग वर्गणीदाराचा हक्क पोहोचतो तरी कोठवर? त्याला तारीख विचारण्याचा हक्क आहे. पैशाचा विनियोग विचारण्याचा हक्क आहे. उशीर झाला तर कारण ऐकण्याचा हक्क आहे. परंतु नायिकेचा विवाह लावा किंवा अमुक निष्कर्ष गाळा, असे सांगण्याचा हक्क त्याला पोहोचत नाही. ही मर्यादा सुटली तर एका राजाच्या जागी हजार राजे येतील आणि लेखकाचा पारतंत्र्यवास चालूच राहील. ग्रंथकाराने हिशेब द्यावा तो कामाचा. मताचा हिशेब त्याने आपल्या विवेकाला द्यावा.

अलीकडे या वाटेवर पुन्हा वर्दळ वाढली आहे. महाराष्ट्रात १९७४ साली सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने सभासद वाचकांच्या पाठबळावर ग्रंथ काढले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली तिच्यामार्फत प्रसिद्ध झाले. आता इंटरनेटने हे काम एकट्यादुकट्या लेखकाच्याही आवाक्यात आणले आहे. अमेरिकन कादंबरीकार ब्रँडन सँडरसन याने २०२२ साली चार कादंबऱ्यांसाठी वाचकांना थेट आवाहन केले, तेव्हा १ लाख ८५ हजारांवर लोकांनी मिळून ४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली. हा लेखक चालू पुस्तकाचे किती शेकडा काम झाले, हे वाचकांना नियमाने कळवत असतो. शिवाय या चार कादंबऱ्या त्याने आधी लिहिल्या आणि मग हात पुढे केला. जॉन्सनच्या फजितीवर याहून सोपा उतारा नाही.

एवढा वाचकवर्ग मराठी लेखकाला लाभणार नाही, हे उघड आहे. पण त्याची गरजही तेवढी नसते. गाझियाबादसारख्या, पुण्यामुंबईच्या पेढ्यांपासून दूर असलेल्या गावी राहून मराठीत लिहिणाऱ्या माणसाला दोनतीनशे वाचक आधी मिळाले, तर एका आवृत्तीचा कागद आणि छपाई यांचा भार हलका होतो. पैसा पाठवण्याची आणि निरोप धाडण्याची अडचण आज राहिलेली नाही. अडचण राहिली आहे ती जुनीच: पहिल्या उत्साहात महिन्यातून चार पत्रे जातात, काम रेंगाळले की एकही जात नाही. वास्तविक पत्राची खरी गरज असते ती त्याच वेळी. मुद्रिते तपासून व्हायची आहेत, एक प्रकरण पुन्हा लिहावे लागत आहे, कागद महागला आहे, अशी चार साधी वाक्ये पुरतात. विलंब वाचक सोसतो. त्याला सोसवत नाही ते मौन.