फायब्रोमायल्जिया : दीर्घकालीन वेदना आणि तिचे दैनंदिन व्यवस्थापन

सर्वांगात पसरलेली व तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना, झोपेनंतरही न उतरणारा थकवा आणि एकाग्रतेचा अभाव ही फायब्रोमायल्जिया या विकाराची प्रमुख लक्षणे होत. रक्ततपासणी व क्ष-किरण चित्रण यांचे अहवाल मात्र बहुधा निर्दोष येतात. त्यामुळे रुग्णाच्या वाट्याला वेदनेबरोबर अविश्वासही येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचेच खेळ आहेत’ असे घरात व कार्यालयात सहज बोलले जाते. ते शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे.

या गैरसमजाचे मूळ काही अंशी विकाराच्या इतिहासातच आहे. १९०४ मध्ये विल्यम गॉवर्स या ब्रिटिश वैद्याने ‘फायब्रोसायटिस’, म्हणजे तंतुमय ऊतींचा दाह, ही संज्ञा योजली. परंतु ऊतींमध्ये दाह सापडेना. १९९० च्या अमेरिकन निकषांनुसार शरीरावरील १८ ठरावीक बिंदूंपैकी किमान ११ बिंदू दाबल्यावर दुखणे आवश्यक मानले गेले. २०१० मध्ये ही अट वगळून वेदनेचा विस्तार आणि थकवा, झोप व स्मरण यांविषयीच्या तक्रारींची तीव्रता विचारात घेतली जाऊ लागली. रुग्णाचे कथन हाच निदानाचा मुख्य आधार ठरला, ही या बदलातील महत्त्वाची बाब होय. अर्थात थायरॉइडचे विकार, संधिवात, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांची शहानिशा आधी व्हावीच लागते.

आज या विकाराचा संबंध स्नायूंपेक्षा मज्जासंस्थेशी जोडला जातो. ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवून ठेवावा, त्याप्रमाणे मेंदू व मज्जारज्जू साध्या स्पर्शाचे वा दाबाचे संदेशही वेदना म्हणून मोठे करतात. झोपेचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. गाढ झोपेत वारंवार व्यत्यय आणला असता निरोगी व्यक्तींचेही अंग दुखू लागते, असे १९७५ मधील एका प्रयोगात दिसून आले.

विकार समूळ नाहीसा करणारे औषध उपलब्ध नाही. अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन यांनी काही रुग्णांना मर्यादित आराम पडतो. युरोपीय संधिवात संघटनेने २०१६ च्या शिफारशींत ठाम पाठिंबा दिला तो केवळ व्यायामाला. परंतु ज्याचे अंग दुखते त्याला व्यायाम सांगणे सोपे, करणे कठीण. पहिले काही आठवडे दुखणे वाढूही शकते. म्हणून आरंभ पाच-दहा मिनिटांच्या चालण्याने करून वाढ अगदी सावकाश करावी लागते.

रुग्णाची खरी कसोटी बऱ्या वाटणाऱ्या दिवशी लागते. त्या दिवशी साठलेली सारी कामे उरकली जातात आणि पुढचे तीन-चार दिवस अंथरुणात जातात. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एका बैठकीत संपविण्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटांनी उठणे, आणि दुखू लागण्यापूर्वीच थांबणे, हे शिकावे लागते. कामसू माणसाला हे विशेष जड जाते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत फायब्रोमायल्जियाचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे सलग तास न देणे, बसून अध्यापनाची मुभा, पर्यवेक्षणाच्या वेळी खुर्ची अशा साध्या सोयीही बहुतांशी विभागप्रमुखाच्या समजुतीवर अवलंबून राहतात.