वॉरफरिनला पाच दिवस का लागतात?

लेखांक सहावा

जखमेपाशी प्लेटलेट गोळा होतात, मग थ्रॉम्बिन तयार होतं आणि फायब्रिनचे धागे विणले जाऊन गुठळी पक्की होते, हे मागच्या लेखांकात पाहिलं. हेच सगळं जखम नसताना पायाच्या खोल शिरेत किंवा हृदयाच्या कप्प्यात सुरू झालं, की जिवावर बेततं. ते होऊ न देणारी औषधं वेगळी आणि झालेली गुठळी विरघळवणारी वेगळी. आजची बरीचशी जागा मी वॉरफरिनला देणार आहे. हृदयात धातूची झडप बसवलेली माणसं ही गोळी, किंवा तिच्याच कुळातलं ॲसिनोकुमारॉल, आयुष्यभर घेतात. पण ती पोटात गेल्यावर काय करते, हे त्यांना क्वचितच कुणी निवांत बसून सांगतं.

१९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली तरी रक्त थांबेना. बुरशी धरलेला स्वीट क्लोव्हरचा चारा याच्या मुळाशी आहे, हे पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी दाखवून दिलं. फेब्रुवारी १९३३ मध्ये एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून वाट काढत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक यांच्याकडे पोचला. त्याने सोबत मेलेली कालवड आणली होती, खराब झालेला चारा होता आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त होतं. ते रक्त साकळलंच नव्हतं. चाऱ्यातलं ते द्रव्य, डायकुमारॉल, वेगळं काढायला लिंक यांच्या सहकाऱ्यांना १९३९ साल उजाडलं. त्याच्याच धर्तीवर तयार झालेलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं.

या गोळीने रक्ताचा दाटपणा कमी होत नाही. तिचं काम चालतं यकृतात. रक्त साकळवणारे दोन, सात, नऊ आणि दहा क्रमांकाचे घटक यकृत बनवतं, पण ते कामाला येण्यासाठी त्यांच्यावर शेवटचा हात फिरवावा लागतो आणि त्याला के जीवनसत्त्व लागतं. या कामात खर्ची पडलेलं के जीवनसत्त्व एक विकर पुन्हा वापरण्याजोगं करतं. वॉरफरिन नेमकं त्या विकराला अडवतं. घटक बनतात, पण अर्धवट.

मात्र आधी तयार झालेले घटक रक्तात असतातच. नळ बंद केला तरी माठातलं पाणी लगेच संपत नाही, तसं. सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो, पण दुसऱ्याला, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनला, त्यासाठी अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, दोन दिवसांत वर गेला तरी खरं संरक्षण मिळायला पाचेक दिवस जातात. शिवाय गुठळीला आवर घालणारं प्रोटीन सी हेही के जीवनसत्त्वावरच अवलंबून असतं आणि तेही लवकर घटतं. त्यामुळे शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाला सुरुवातीचे दिवस गोळीबरोबर हेपरिनचं इंजेक्शन देतात. हेपरिन रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनला जोर देतं आणि शिरेतून दिल्यास लगेच लागू पडतं. ‘गोळी चालू आहे, मग पोटात सुई कशाला?’ असं नातेवाईक विचारतात. त्याचं उत्तर हे.

आता भाज्यांचं. ‘मेथी-पालक बंद’ असं सरसकट सांगितलेलं मला पटत नाही. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं हे खरं, पण गोळीचा डोस तुमच्या नेहमीच्या जेवणाशी जुळवता येतो. घोटाळा होतो तो महिनाभर भाजी न खाता अचानक रोज पालक सुरू केल्यावर. त्याहून मोठा धोका औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांचा. जुलाबावर घेतलेली मेट्रोनिडाझोल वॉरफरिनचा परिणाम वाढवते, आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कुठलंही नवं औषध घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं तर त्याच दिवशी दाखवा. पण आपल्या मनाने गोळी थांबवू नका, कृत्रिम झडपेवर गुठळी बसली तर झडपच अडकते.

रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डाबिगॅट्रान ही नवी औषधं दहाव्या घटकाला किंवा थ्रॉम्बिनला थेट अडवतात. काही तासांत लागू होतात आणि त्यांना आयएनआर तपासावा लागत नाही. पण धातूच्या झडपेला ती चालत नाहीत. सांधेज्वराने झडपा खराब होऊन ठोके अनियमित झालेल्या रुग्णांतही, साडेचार हजारांवर लोकांच्या २०२२ च्या अभ्यासात, रिव्हारॉक्साबॅनपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली. आपल्याकडे सांधेज्वराचे रुग्ण आजही आहेत, म्हणून हे महत्त्वाचं.

यांतलं एकही औषध झालेली गुठळी स्वतः विरघळवत नाही. ती वाढू देत नाही, बाकीचं काम शरीर सावकाश करतं. हृदयविकाराच्या झटक्यात तेवढी सवड नसते. तिथे स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज देतात. ती रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतात आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे तोडतं. पण जुन्या जखमेवर बसलेली उपयोगी गुठळीही त्यात सुटू शकते आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच पक्षाघातात आधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करतात, आणि साधारण साडेचार तासांच्या आतच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात.

पुढच्या लेखांकात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, म्हणजे प्लेटलेटवर काम करणारी औषधं.