शेजारच्या खुर्चीतला लेखनिक

बेंगळुरूत बी. कॉम.च्या दृष्टिहीन मुलांचे पेपर मी लिहून देतो. लेखनिकाला उत्तर सुचवता येत नाही, चूक दिसली तरी सुधारता येत नाही. सांगितलं तेवढंच लिहायचं. मग कोणीही बसला तरी काय फरक पडतो, असं लोक विचारतात. फार पडतो.

सुरुवात प्रश्नपत्रिका वाचण्यापासून होते. आधी ती सबंध, सावकाश, गुणांसकट वाचायची. 'किंवा'नंतरचा प्रश्न गाळला, तर त्या मुलापुरता तो छापलेलाच नसतो. चार पर्याय वाचताना सूर चारही ठिकाणी सारखा हवा. बरोबर उत्तरावर तो नकळत बदलला तर ती कॉपीच झाली. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गल्लत होते, म्हणून 'एक-पाच' असं सुटं म्हणून खात्री करून घ्यायची. "अण्णा, मशिनरी अकाउंट डेबिट, खालच्या ओळीत टू कॅश," मुलगा सांगतो. रक्कम नेमक्या रकान्यात पडली पाहिजे. त्याच्या डोक्यात हिशेब जुळलेला असतो. माझ्या हातून रकाना चुकला तर गुण त्याचे जातात.

मोठ्या उत्तरात मध्येच धागा तुटतो. "शेवटचं वाक्य वाचता का, अण्णा?" वाचायचं. पुन्हा म्हणाला तर पुन्हा, त्याच आवाजात. बेफिकीर लेखनिक इथे ओळखू येतो. तो उसासा टाकतो, पेन टेबलावर आपटतो. मुलाला ते सगळं ऐकू येतं आणि पुढची उत्तरं तो आपणहून आखडती घेतो. नियम एकही मोडलेला नसतो, तरी नुकसान झालेलं असतं. लेखनिकाचं निम्मं काम तरी दुसरं काय आहे? मुलाचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेणं.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात. तीन तासांचा पेपर चार तास चालतो. २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने हाताला 'रायटर्स क्रॅम्प' असलेल्या उमेदवारालाही लेखनिकाचा हक्क दिला. लेखनिक मिळतो, वेळ मिळतो. लेखनिक लक्ष देऊन ऐकेल याची तजवीज मात्र कोणत्याच परिपत्रकात नाही. ती माणसालाच करावी लागते. याच शहरातल्या एन. एम. पुष्पा यांनी नोकरी सांभाळून शेकडो पेपर लिहिले. २०१८ चा नारी शक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या वेगाने लिहीत बसणं किती कठीण आहे, हे त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही.

तुम्ही लेखनिक होणार असाल तर एवढं करा. परीक्षा घेणाऱ्यांनी तुम्हाला नेमलं असेल, तर परीक्षार्थीला आधी भेटण्याची मुभा मागून घ्या. त्याचा बोलण्याचा वेग समजून घ्या, चिन्हं आणि रकाने कसे सांगायचे ते ठरवून घ्या. आणि पेपरच्या दिवशी मागे दुसरं कुठलंही काम ठेवू नका.