चष्मा घरी राहिला

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडल्यावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत लागते. २०२५ च्या ऑगस्टपासून मेट्रोची पिवळी मार्गिका येथवर येऊन थांबते, आणि सकाळच्या पाळीला उतरणाऱ्या गर्दीत कन्नड, तमिळ, हिंदी यांच्या जोडीला बेळगाव-निपाणीकडची मराठीही मधूनच कानी पडते. पाळी बदलताना यंत्राची हकीकत नोंदवहीत लिहून पुढच्या गड्याच्या हवाली करावी, हा कारखान्यांतला जुना रिवाज. यंत्राचा नुसता आवाज ऐकून कोणते बेअरिंग गेले आहे हे सांगणारा एखादा कसबी फिटर, नोंदवही पुढे येताच हाताला तेल लागल्याची सबब सांगून पेन सोबत्याच्या हाती देतो, तेव्हा पाहणाऱ्याला त्यात आळस दिसतो, फार तर संकोच. ती बालपणापासून जोपासलेली युक्ती असू शकेल, अशी शंका मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

बुद्धी शाबूत, दृष्टी निर्दोष, शाळेत जाणेही यथास्थित, आणि तरीही ध्वनी व अक्षर यांची सांगड मेंदूत सहजासहजी बसत नाही, अशा अवस्थेला डिस्लेक्सिया म्हणतात. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय त्यात नमूद आहे. सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याकडे अशा मुलाच्या वाट्याला येणारा शब्द ‘ढ’ हाच आहे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

इंग्रजीत अक्षर एक आणि उच्चार दुसराच असल्याने दोष लवकर उघडा पडतो. मराठी-कन्नडसारख्या भाषांत लिहिल्याप्रमाणे वाचायचे असल्यामुळे मूल चुकते कमी आणि अडखळते फार. म्हणजे दोष लपण्यास येथे जागा अधिक. बंगळूरच्याच संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतील मुलांचा अभ्यास करून दाखवले आहे, की शेकडो अक्षररूपे पक्की व्हायला प्राथमिक शाळेतली चार-पाच वर्षे सहज जातात. तेवढा अवधी हुशार मुलाला बहाण्यांचे शास्त्र आत्मसात करायला पुरून उरतो. धडा शेजारच्याकडून एकदा ऐकला की त्याला तो मुखोद्गत होतो; बोट ओळीवरून फिरत राहते, आवाज खणखणीत असतो, आणि गुरुजींनी मधलेच पान उघडून दिले तरच बोट एका ओळीवर व तोंड दुसऱ्याच ओळीवर असल्याचे ध्यानात येते. ज्याची पाळी पाचव्या बाकावर येणार तो मुलगा आधीच ओळी मोजून आपल्या वाट्याचा परिच्छेद हेरून ठेवतो, नाहीतर नेमकी त्या वेळी त्याला तहान लागते.

मोठेपणी सबबी बदलतात एवढेच. बँकेत ‘चष्मा घरी राहिला, जरा अर्ज भरून देता का’, हॉटेलात ‘तुमच्याकडे चांगलं काय आहे ते सांगा’, आणि मोबाइल आल्यापासून लिहिण्याऐवजी बोलून धाडलेला निरोप. अमेरिकेत जॉन कॉर्कोरन या गृहस्थांनी तर स्वतःला वाचता येत नसताना १७ वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले. फळ्यावर लिहिण्याचे व वाचून दाखवण्याचे काम ते वर्गातल्या साहाय्यकांवर सोपवीत, आणि वाचायला शिकले ते वयाच्या ४८ व्या वर्षी. ही कथा सांगताना लोक हसतात. मला तिच्यात १७ वर्षांची अखंड भीती दिसते.

कारण लपवणे हे फुकट होत नाही. त्याची किंमत सावकारी व्याजासारखी चढत जाते. सबब जितकी चांगली वठते तितकी उघडकीला येण्याची धास्ती वाढते, लोकांनी दिलेली शाबासकी आपण फसवून मिळवली असे वाटू लागते, आणि डोके दिवसभर दुहेरी काम करून संध्याकाळी शिणून जाते. मुलांत हे सकाळच्या पोटदुखीच्या रूपाने दिसते, प्रौढांत चिडचिडीच्या. बढती म्हणजे अधिक कागद. तेव्हा सुपरवायझरची जागा चालून आली असता ‘मला जबाबदारी नको’ असे सांगणारा कारागीर पुष्कळदा जबाबदारीला भ्यालेला नसतो, दप्तराला भ्यालेला असतो. बायकोलासुद्धा वर्षानुवर्षे पत्ता नसतो.

महाराष्ट्राने शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती देण्यास १९९० च्या दशकातच आरंभ केला, २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने घरोघरी निदान नाव तरी पोहोचवले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने डिस्लेक्सिया ज्यात मोडतो त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समावेश केला. याच होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्र्याहून शहराच्या बाजूला, निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि २०१८ च्या केंद्रीय सूचनांनी दाखल्यासाठी ज्या चाचण्या नेमल्या त्या तेथेच तयार झालेल्या आहेत. परंतु या चाचण्यांची रचना ५ ते ७ आणि ८ ते १२ या वयोगटांसाठी आहे. त्या सूचनांप्रमाणे दाखला आठव्या वर्षानंतर मिळायचा व १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासायचा. चाळिशीचा फिटर त्या हिशेबात धरलेलाच नव्हता. मोटारशर्यतींचा तीनदा जगज्जेता ठरलेल्या जॅकी स्टुअर्टला स्वतःच्या डिस्लेक्सियाचा उलगडा चाळिशीनंतर झाला, तोही मुलाची तपासणी चालू असताना.

तेव्हा दाखल्याची वाट न पाहता करण्याजोगे काही कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी आजच करावे. सुरक्षिततेच्या सूचना भिंतीवर चिकटवण्यावर न थांबता त्या तोंडी सांगाव्यात, पाळीची हकीकत बोलून नोंदवण्याची मुभा द्यावी, बढतीची परीक्षा यंत्रापाशी उभे करून घ्यावी. आणि चारचौघांत कोणाच्याही हाती कागद देऊन ‘वाच पाहू’ असे कधीही म्हणू नये.