तिरप्या अक्षराची कारागिरी

टोकाला शेपट्या नसलेलं साधं अक्षर, म्हणजे सॅन्स-सेरिफ, तिरपं करायचं तर नुसतं उजवीकडे ढकललं की झालं, असं वाटतं. पण इंग्रजी गोल 'ओ' संगणकावर असा ढकलून मोठा करून पाहा. वरची उजवी आणि खालची डावी बाजू जाड होते, उरलेल्या दोन बाजू बारीक. म्हणून चांगला अक्षररचनाकार प्रत्येक वळण हाताने दुरुस्त करतो.

१९५७ च्या हेल्व्हेटिका या सॅन्स-सेरिफ फॉण्टचा तिरपा इंग्रजी 'ए' हा उभ्याच 'ए'चा कललेला भाऊ. एरिक गिलच्या १९२८ च्या गिल सॅन्समध्ये मात्र तिरपा 'ए' एकमजली होतो, हाताने लिहिल्यासारखा. मला हाच मार्ग जास्त पटतो. तिरपेपणा हस्तलेखनातूनच छपाईत आला; व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने १५०१ मध्ये अख्खं पुस्तक तिरप्या अक्षरांत छापलं. ग्रंथनावं, परके शब्द, ठसवायचा शब्द यांना आज इंग्रजीत तेच अक्षर वापरतात.

देवनागरीत ही परंपरा नाही. बहुतेक फॉण्टमध्ये तिरपा अवतार मुळी आखलेलाच नसतो. बटण दाबलं की संगणक उभी अक्षरं नुसती ढकलतो. तेव्हा मराठी मजकुरात शब्द ठसवायचा असेल, तर ठळक अक्षर वापरा.