लकवा कधी आला? वेळ सांगा

मैत्रिणींनो, गटाच्या वहीत हप्ता लिहायचा राहिला, तर तो भरलाच नाही असं होतं ना? लकव्याचंही तसंच आहे. कटक, कोटा, वाराणसी, तिरुनेलवेली आणि काछार इथे त्या भागातल्या लकव्याच्या रुग्णांची नोंद संगणकावर ठेवतात. एकच माणूस दोन दवाखान्यांत गेला, तरी मोजायचा एकदाच.

नोंदीत महत्त्वाची असते वेळ : माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला? रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. सकाळी उठल्यावर तोंड वाकडं दिसलं, तर वेळ उठल्याची नाही, रात्री चांगलं बोलून झोपले तेव्हाची धरतात. ती दवाखान्याला कशी कळणार? घरातल्या बाईलाच ठाऊक! म्हणून १०८ ला फोन लावताना घड्याळही बघा.